केंद्र म्हणजे आर

परवा कापूस खरेदी केंद्राच्या गेटासमोर आमची बंडी रात्रभर रांगेत. ओलावा जास्त म्हणून पुढची गाडी परत गेली, तेव्हा झोप उडालीच. आबाजींच्या हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला गंजलेली आर. वेळ जावा म्हणून मी त्यांना सांगितलं, हा ‘केंद्र’ शब्द मूळचा ग्रीक. तिकडं केंट्रॉन म्हणजे बैल टोचायची आरच! मग कंपासचं रुतलेलं टोक, मग वर्तुळाचा मध्य. ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला; पत्रिकेतली केंद्रस्थानं तीच. ‘होरा’ही ग्रीकांचाच. (‘दाम’ही द्राख्मा या ग्रीक नाण्यापासून आला, पण त्या रांगेत दामाचा विषय नको म्हटलं.)

आबाजींनी आर बोटानं चाचपली. “म्हंजे आपून रातभर इच्याच टोकावर बसलो म्हन,” म्हणाले, अन् बैलांपुढं कुटार टाकायला उतरले.