कर्लीच्या खाडीतली आमची वाटचाल

कर्लीच्या खाडीत पाहुण्यांना गळाने मासे धरायला नेण्याचा धंदा आमच्या वाडीत पहिल्यांदा आम्ही सुरू केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण अलीकडे हा मान भलतेच लोक घेतात. तेव्हा देवबाग-तारकर्लीला आलेला पाहुणा डॉल्फिन बघायचा, संगमावरच्या वाळूच्या बेटावर फोटो काढायचा आणि परतीच्या वाटेला लागायचा. खाडीत आत, नेरूरपारच्या पुलाकडे कांदळवनाच्या कडेने केवढं पाणी आहे, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

भांडवल माझं होतं, पाणी मामांचं. आईचे हे सख्खे भाऊ, जन्मभर हातदोरीने गरवत, म्हणजे गळ टाकून मासे धरत आलेले. रॉड-रील त्यांनी माझ्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडायच्या आत मामा तिथीची पाऊणपट करून वेळ सांगून मोकळे व्हायचे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पुरी. आत वरच्या अंगाला जाल तसा उशीर धरायचा. उधाणाचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं पाणी गढूळ आणि ओढीचं, भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं निवळ. ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, फेकायचं तर भांगाचे दिवस बरे, आणि अष्टमीला ओहोटी नेमकी उजाडताना लागते. कांदळातल्या वहाळांतून, म्हणजे लहान ओहोळांतून कोळंबी पाण्याबरोबर बाहेर यायला लागली की जिताडा वहाळाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. जिताडा म्हणा, चोणक म्हणा, मासा तोच. मी घाईने रॉड उचलला की मामा म्हणायचे, "झिला, आधी पाणी बघ, मासो मगे बघुया."

सामानात आम्ही कधी काटकसर केली नाही. होडी फायबरची, बुडाला सपाट, गुडघाभर पाण्यातसुद्धा टेकत नाही. वहाळाजवळ गेलं की इंजिन वर उचलायचं आणि पुढे बांबूने रेटायचं, कारण उथळ पाण्यात इंजिनचा आवाज गेला की तासभर तिथे काही लागत नाही. रील चार हजारच्या मापाचं, तीस पाउंडाची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पुढे गळाजवळ पन्नास पाउंडाचा फ्लोरोकार्बनचा जाड तुकडा, त्याला लीडर म्हणतात. जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, तिथे पातळ लीडर टिकत नाही. ल्यूरचे तिहेरी हुक काढून एकेरी लावतो आणि त्यांचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. जिवंत कोळंबी लावायची तर तिच्या डोक्यातला काळा ठिपका टाळून गरी घालावी. ठिपक्याला लागली की कोळंबी मेली. पाहुण्यांना हे स्वतः करायला लावतो.

जिताडा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक मादीच, आणि पावसाळ्यात ती खाडीच्या तोंडाशी अंडी सोडते. म्हणून हातभरापेक्षा मोठा मासा आमच्या होडीतून घरी जात नाही. ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन आडवा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. जून लागला की आम्ही होडी वर घेतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय खाली काढत नाही.

आता त्या गृहस्थांविषयी. नाव घेणार नाही, वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईहून ते आमचे पाहुणे म्हणून आले. आमच्या घरी जेवले, मामांच्या शेजारी बसून होडीतून फिरले. प्रत्येक वहाळाची जागा ते मोबाइलवर टिपून घेत होते आणि मामा कौतुकाने दाखवत होते. पुढच्या हंगामात खाडीच्या पलीकडे त्यांचा फलक लागला : मासा नाही तर पैसे परत. दर आमच्या निम्मा. आमच्याकडे तयार झालेली दोन मुलं त्यांनी जास्त पगारावर नेली. लॉजवाल्यांना कमिशन बांधून दिलं, त्यामुळे रिक्षातून उतरलेला पाहुणा परस्पर तिकडे जायला लागला.

स्पर्धेचं मला वावडं नाही, खाडी कोणाच्या बापाची नाही. पण भर जुलैत, अंडी सोडायच्या दिवसांत, वहाळाच्या तोंडांवर रात्री जाळी लागायला लागली आणि सकाळी ती त्यांच्याच होडीत वाळत असायची. सांगायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही जुने लोक, तुम्हाला मार्केटिंग कळत नाही." मामा तिथून उठून गेले आणि नंतर महिनाभर होडीकडे फिरकले नाहीत. माणसाचं शिकणं एकवेळ चोरता येतं, त्याचा अपमान कशाला करायचा?

तो सगळा हंगाम आमच्या होड्या किनाऱ्यालाच होत्या. इंजिनचे हप्ते थकले. बायकोने पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या.

अशा वेळी आमच्याकडे टिकले ते कोल्हापूरचे डॉक्टर. दातांचे डॉक्टर, स्वतःचे ल्यूर घरी लाकडाचे कोरतात, वर नखाच्या रंगाचे थर देतात. त्यांच्या एका मित्राने पलीकडच्या कंपनीबरोबर धरलेल्या जिताड्याचा फोटो कौतुकाने पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून मला दाखवला. "शेपटीची कड बघा," म्हणाले, "आणि नाक." शेपटीचे कोपरे झिजून गोल झालेले, नाकावर घासल्याचा पांढरा व्रण. खुल्या खाडीतल्या माशाची शेपटी अशी नसते. जाळीला घासत वाढलेला पिंजऱ्यातला मासा तो. विकत आणून होडीच्या टाकीत ठेवायचा आणि पाहुण्याची पाठ वळली की गळाला लावून पाण्यात सोडायचा, ही त्यांची पैसे परत न करण्याची युक्ती. आमच्याकडून गेलेला एक मुलगा परत आला, त्याने शपथेवर हेच सांगितलं. डॉक्टरांनी आपल्या ओळखीतल्या सगळ्या गळवाल्यांना तो फोटो आणि खुल्या खाडीतल्या जिताड्याचा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, खाली एक शब्दही न लिहिता. त्या थंडीत कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून माणसं आमचं घर विचारत आली.

पुढे कोरोना आला आणि मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ. वाऱ्याने माड आडवा होऊन एक होडी मधोमध मोडली. तीही उभी केली. फायबरचं काम मामांनी आणि मी मिळून केलं. पलीकडची कंपनी वादळानंतर परत उघडली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा पाहुण्यांना न्यायला दोन्ही होड्या तयार होत्या.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलांना सांगतो, कर्ज काढून मोठं इंजिन घेऊ नका, त्या पैशात वर्षभर एखाद्या जुन्या गरवणाऱ्याच्या होडीत बसा. पाहुण्याला माशाची हमी देऊ नका. लाइफ जॅकेट न घालणाऱ्याला, तो कितीही मोठा साहेब असो, धक्क्यावरूनच परत पाठवा. आणि लॉजवाल्याला कमिशन द्यायचंच तर पाहुणा परत गेल्यावर द्या, आधी नाही.

एक गोष्ट अजून सलते. त्या कंपनीचं इंटरनेटवरचं पान तसंच आहे आणि त्यावर पहिलाच फोटो आमच्या होडीचा आहे, त्यात मामा बांबू घेऊन उभे आहेत. लेखी कळवूनही तो काढलेला नाही. तो बघून कोणी त्या क्रमांकावर पैसे भरले असतील, तर त्या पैशांशी आमचा संबंध नाही. आमची होडी देवबागच्या बाजूला लागते, वरच्या वाडीत गरवणाऱ्या मामांचं घर विचारलं तरी कोणीही आणून सोडेल.