शेवटच्या विमानातली एक जागा

२२ मार्च २०२०, रविवार. संध्याकाळी पाच वाजता सहार गावाकडून थाळ्यांचा आवाज यायला लागला, तेव्हा मी मुंबई विमानतळाच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये आंब्याच्या पॅलेटपाशी उभा होतो. जनता कर्फ्यू होता. आमच्या शेडमधले लोडर दारापर्यंत गेले, दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि परत कामाला लागले. त्या रात्री एकदीड वाजेपर्यंतच हातात वेळ आहे, हे आत सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशातून येणाऱ्या प्रवासी विमानांना भारतात उतरायला २३ तारखेच्या पहाटे १ वाजून ३१ मिनिटांपर्यंतच मुभा होती. त्यानंतर बंद.

मी कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो. निर्यातदाराचा माल आला की शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, फायटो म्हणजे वनस्पती आरोग्याचा दाखला, एक्स-रे, वजन आणि शेवटी कस्टम्सचा शिक्का, असं सगळं पार पाडून तो विमानापर्यंत पोचवायचा. बाहेरच्या लोकांना वाटतं, मालाची विमानं वेगळी असतात. असतात, पण थोडी. कोविडच्या आधी जगातला साधारण निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. वर तीनशे माणसं झोपलेली असतात आणि त्यांच्या पायांखाली पंधरा-वीस टन औषधं, कपडे, यंत्रांचे सुटे भाग, भाजी, मासळी. प्रवासी थांबले की हे पोटही बंद होणार, हा साधा हिशोब. तो डोक्यात होता, पण अंगावर आला त्या रात्री.

माझ्याकडे लंडनच्या विमानासाठी दोन पॅलेट बुक होते. एक हापूसचा, देवगडचा, मोसमाचा पहिला माल. ६४० खोकी, एका खोक्यात डझनभर. विमानाचा पॅलेट म्हणजे ट्रकवाल्यांची लाकडी चौकट नव्हे. तो ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा असतो, सव्वातीन मीटर लांब, जवळजवळ अडीच मीटर रुंद. त्यावर खोकी रचायची, प्लास्टिक गुंडाळायचं आणि वरून जाळं ओढून कडेच्या खाचेत अडकवायचं. आंब्याला हवा लागते म्हणून आमचे लोक रचताना मध्ये बोटभर फट सोडतात. खोक्यांच्या भोकांना नाक लावलं की कळतं, आत काय चाललंय. हिरवट, चिकाचा वास असेल तर अजून दिवस आहेत. गोडसर आला की घड्याळ सुरू झालं.

या मालाचं घड्याळ शनिवारीच सुरू झालं होतं. युरोपला जाणाऱ्या हापूसला आधी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावं लागतं, फळमाशीची अंडी-अळी मरावी म्हणून. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने फळमाशीपायी आपला आंबा बंद केला होता, तो २०१५ च्या जानेवारीत उघडला. तेव्हापासून ही शिस्त अंगवळणी पडली आहे. २०२० च्या त्या मार्चपर्यंत ब्रिटन संघातून बाहेर पडला होता, पण नियम तेच होते. वाशीला पाण्यातून निघालेला हा आंबा शनिवारी रात्री सहारला आला आणि रविवारभर कोल्डरूममध्ये बसून राहिला. पाण्यातून निघालेलं फळ फार दम काढत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

दुसरा पॅलेट औषधांचा होता. कॅन्सरच्या रुग्णांना लागणारी इंजेक्शनं, २ ते ८ अंशांतच ठेवायची. चंदेरी पांघरूण घातलेलं, आत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर.

रात्री पावणेअकराला विमान कंपनीच्या लोड कंट्रोलमधून, म्हणजे विमानात किती वजन कुठे हे ठरवणाऱ्या विभागातून, फोन आला. परत मायदेशी जाणाऱ्या प्रवाशांचं सामान बेसुमार आहे, दोन पोझिशन म्हणजे पॅलेटच्या दोन जागा देता येत नाहीत, एकच. "कुठला पाठवू, दहा मिनिटांत सांगा."

मी आमच्या साहेबांना फोन लावला. ते ठाण्याला घरात अडकलेले. त्यांनी दोन्ही निर्यातदारांना विचारलं. दोघेही म्हणाले, आमचाच पाठवा. दुसरं काय म्हणणार? साहेब मला म्हणाले, "तू तिथे उभा आहेस. तू ठरव, मी मागे आहे."

देवगडच्या बागायतदार काकांना मी आठ वर्षं ओळखत होतो. दर मोसमात ते स्वतः पहिल्या गाडीबरोबर वाशीपर्यंत यायचे, या वेळी मात्र आले नव्हते. औषधवाल्यांचा मी फक्त ईमेल पाहिला होता. पण आंबा पडून राहिला तर इथे कोणीतरी खाईल. ते इंजेक्शन ज्याच्या नावाने निघालंय, त्याची पुढची तारीख ठरलेली असणार. आणि पुढचं विमान कधी, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हतं. मी औषध म्हणालो.

पॅलेट चाकांच्या डॉलीवर चढवून ट्रॅक्टरमागे निघाला तेव्हा मी पासवर एअरसाइडला, म्हणजे विमानं उभी असतात त्या बाजूला गेलो. कोल्डरूमच्या दारापासून विमानापर्यंतचा हा पट्टा आमच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक जागा. कारखान्यात थंड, ट्रकमध्ये थंड, गोदामात थंड आणि नेमका विमानाखाली उघड्यावर उभा. दिवसा एप्रिल-मेमध्ये ॲप्रनचं, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीचं, काँक्रीट नुसतं तापलेलं असतं. त्या रात्री नशिबाने वारा होता. पॅलेट बावीस मिनिटं खाली उभा राहिला, मी घड्याळ लावून मोजली. मग पॅलेट उचलणारा हायलोडर वर गेला, रोलरवरून पॅलेट आत सरकला, लॉक पडल्याचा खट्ट आवाज आला. दार लागलं.

सकाळी सहाला काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, "काका, पुढच्या विमानाला बघतो." ते म्हणाले, "बघ बाबा. पण आंबो काय कोणाची वाट बघूचो नाय." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मग सुरू झालं 'बॅक टू टाऊन'. निर्यातीसाठी क्लिअर झालेला माल परत शहरात न्यायचा तर कागद उलटे चालवावे लागतात: शिपिंग बिल रद्द, कस्टम्सची परवानगी, टर्मिनलचं भाडं भरणं, गेटपास. पुढे जाताना चार तास लागतात, मागे येताना अख्खा दिवस गेला. लोकल बंद झाल्या होत्या. मी डोंबिवलीला जाऊ शकलो नाही, तीन रात्री ऑफिसातच काढल्या. आंबा वाशीला परत गेला आणि पडेल त्या भावाने विकला गेला.

पुढचे तीन आठवडे जागेसाठी नुसती मारामारी. जी मालवाहू विमानं उडत होती त्यांचा किलोमागचा दर दुपटीच्याही वर गेला. औषधवाल्याला तो परवडतो, आंबेवाल्याला, भेंडी-मिरचीवाल्याला नाही. मग कंपन्या रिकामी प्रवासी विमानंच मालासाठी उडवू लागल्या. सीटांवर खोकी, वर जाळी. मास्कची खोकी हातोहात साखळी करून प्रवाशांच्या दारातून आत देताना मी पाहिली आहेत.

त्या दिवसांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली, आणि मी ती प्रत्येक बैठकीत बोलतो. गोदामं बांधून हवाई निर्यात वाढत नाही, स्वतःची विमानं लागतात. जगाच्या व्यापारात वजनाने एक टक्क्याहूनही कमी असलेला हवाई माल किमतीने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. एवढा मोलाचा धंदा, आणि आपला परदेशी जाणारा बहुतेक माल परकीय कंपन्यांच्या विमानांतून जातो. ब्लू डार्टची विमानं वर्षानुवर्षं देशात उडताहेत, २०२२ मध्ये इंडिगोने प्रवासी ए३२१ बदलून मालवाहू करून आणलं, हे मी मनापासून चांगलं मानतो. पण अशा लहान पोटाच्या विमानाने थेट लंडन होत नाही. त्याला शंभर टन उचलणारं मोठं मालवाहू विमान हवं, तेही आपलं. २०३० पर्यंत वर्षाला एक कोटी टन हवाई माल हाताळायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. त्यातला आंब्याचा वाटा कोणाच्या पोटातून जाणार, हे आजच ठरवायला हवं.

नवी मुंबई विमानतळाकडे मी याच नजरेने पाहतो. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली, पहिल्या टप्प्यात वर्षाला पाच लाख टन मालाची क्षमता आहे. वाशीची फळबाजारपेठ आणि पाण्याची प्रक्रिया खाडीच्या त्याच बाजूला. आज आंब्याची गाडी वाशीहून खाडीपूल ओलांडून सहारला येताना ट्रॅफिकमध्ये जो वेळ घालवते, तो आंब्याच्या आयुष्यातून वजा होतो. उलव्यातून, म्हणजे या नव्या विमानतळावरून, आंबा उडू लागला तर तो वेळ वाचेल, याची मी वाट पाहतोय.

पण त्या एप्रिलवर परत येतो. १३ एप्रिल २०२० ला एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला निघालं, पोटात फक्त फळं आणि भाजीपाला, जवळजवळ २९ टन. त्यात काकांच्या बागेतली ११० खोकी होती. मी पुन्हा नाक लावून पाहिलं, हिरवाच वास होता. कागद रात्री दोनला संपले.

विमान परत आल्यावर काकांना फोन केला, माल चांगला पोचल्याचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग विचारलं, "येताना इमानातसून काय हाडल्यानी?"

मी म्हणालो, "साडेपंधरा टन इकडचातिकडचा माल."

"म्हणजे रिकामा नाय इला," काका म्हणाले. "मगे परत जातला."