गिटारची मान आणि वाजवणाऱ्याचा हात

हाताने घडवलेली इलेक्ट्रिक गिटार हवी असलेला माणूस पहिल्या भेटीत बहुधा लाकडाच्या देखणेपणाबद्दल बोलतो. मेपलच्या फळीवर पट्ट्यांची झळाळी किती असावी, रंग कडेला गडद करत न्यावा की एकसारखा ठेवावा, हे त्याने मनाशी आधीच ठरवलेले असते. या गोष्टी मला गौण वाटत नाहीत, कारण रोज हातात घ्यायची वस्तू डोळ्यांनाही सुखावली पाहिजे. परंतु गिटार आपली वाटते की परकी, याचा निकाल मानेवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर लागतो, असे गिटार घडवणारा म्हणून माझे ठाम मत आहे. म्हणून मी आधी त्याला त्याची सध्याची गिटार वाजवायला सांगतो आणि त्याच्या डाव्या हाताकडे पाहत बसतो. अंगठा मानेच्या मागे मध्यावर टेकतो की वरच्या कडेवरून पुढे डोकावतो, तार आडवी ओढून स्वर चढवण्याची सवय किती आहे, तासभर वाजवल्यावर हाताचा कोणता भाग भरून येतो, हे कळल्यावरच पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) त्या मानेची जाडी कॅलिपरने मोजून वहीत लिहितो.

त्यानंतर ठरते ती तारेची वाजती लांबी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या नट नावाच्या पट्टीपासून, धडावर तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतचे अंतर. फेंडर कंपनीच्या प्रचलित गिटारींत ते ६४८ मिमी असते, तर गिब्सन कंपनीच्या गिटारींत सुमारे ६२८ मिमी. वीस मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावायची झाल्यास लांब गिटारवर तिला सुमारे सहा टक्के अधिक ताण द्यावा लागतो. हा ताण बोटांना लगेच जाणवतो. ज्याला तार पुष्कळ ओढायची असते त्याला आखूड लांबी मानवते, तर ज्याला खर्जातल्या तारेचा घट्ट, रेखीव आवाज हवा असतो त्याला लांब मान आवडते. लांबी ठरली की फ्रेटच्या जागा आपोआप ठरतात. तिथे कोणाच्याही आवडीनिवडीला वाव उरत नाही.

या जागांचे गणित साधे आहे आणि मला ते अजूनही सुंदर वाटते. सप्तकाचे बारा समान भाग करायचे असतील, तर प्रत्येक फ्रेटसाठी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे. ६४८ मिमी लांबीसाठी पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर येतो, दुसरा त्यापुढे ३४.३३ मिमीवर आणि बारावा नेमका मध्यावर, ३२४ मिमीवर. विन्चेन्झो गॅलिली या संगीतज्ञाने १५८१ मध्ये ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी १८:१७ हे गुणोत्तर सांगितले होते आणि पुढे वाद्य बनवणारे कारागीर दीर्घकाळ १८ नेच भागत राहिले. तसे केल्यास आपल्या ६४८ मिमीच्या मानेवर बारावा फ्रेट नटच्या बाजूला सुमारे २.४ मिमी सरकतो, म्हणजे स्वर किंचित उतरतो. बोटाने दाबताना तार किंचित ताणली जाऊन स्वर चढत असल्यामुळे त्या चुकीची काही अंशी भरपाई होत असे. आजच्या गिटारमध्ये ही भरपाई ब्रिजवर प्रत्येक तारेचा टेकू थोडा मागे घेऊन करतात, आणि जाड तारांचा टेकू अधिक मागे जातो.

फ्रेट बसवायच्या खाचा आखताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. प्रत्येक अंतर आधीच्या फ्रेटपासून न मोजता सर्व अंतरे नटपासूनच मोजायची, नाहीतर मोजणीतली कसर साचत जाते आणि वरच्या फ्रेटपर्यंत पोहोचेतो ती कानाला खुपू लागते. पहिल्या फ्रेटपाशी ०.१ मिमीची चूक कोणाला ऐकू येणार नाही; बाविसाव्या फ्रेटपाशी तीच चूक जवळपास एका सेंटची, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या भागाएवढी होते. तीही एकटी असेल तर खपून जाईल, पण साचलेली चूक एकटी नसते.

मानेचे लाकूड निवडताना मी देखणेपणा पूर्णपणे बाजूला ठेवतो. तंतू सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारे हवेत. फळी अशी कापलेली हवी की वार्षिक वलये फ्रेटबोर्डच्या पृष्ठाला काटकोनात उभी राहतील. आणि ओलावा सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास स्थिरावलेला हवा. नेहमीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो वजनाइतका होतो, आणि तो वर्षानुवर्षे त्या सडपातळ लाकडाला पुढे वाकवू पाहतो. त्याला तोलण्यासाठी मानेच्या पोटात पोलादी ट्रस रॉड बसवतात. फिरवून कमीजास्त करता येणारा रॉड गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी आणला आणि १९२३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. घाईने तासलेली मान रॉडच्या बळावर सरळ ठेवता येते, असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. रॉड तारांच्या ताणाला उत्तर देतो, पिळलेल्या लाकडाला देऊ शकत नाही. म्हणून ढोबळ आकार कापल्यावर मी ते लाकूड काही आठवडे नुसते ठेवून देतो. आतला ताण मोकळा होऊन त्याला जे काही हलायचे असेल ते हलू द्यावे, आणि मगच पुन्हा सरळ रंधावे.

मग येते मानेची पाठ. या कामाइतके समाधान मला दुसऱ्या कशातही मिळत नाही. सुरुवातीला हातात केवळ चौकोनी ठोकळा असतो. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी ठरलेल्या जाडीपर्यंत तो आधी उतरवून घ्यायचा आणि मधला भाग सरळ रेषेत जोडायचा. मग दोन्ही बाजूंना लांब तिरक्या पट्ट्या काढायच्या, त्या पट्ट्यांच्या कडांवर आणखी अरुंद पट्ट्या. अशा सपाट पृष्ठांच्या वाढत्या संख्येतूनच गोलाई आकाराला येते. थेट गोल तासायला गेले तर दोन्ही बाजू कधीच सारख्या होत नाहीत. खरखरीत कानसेने सुरू झालेले काम शेवटी पातळ पोलादी पात्यावर येते, आणि त्याने लाकडाचे पारदर्शक पापुद्रे निघतात. दिवा मुद्दाम खाली आणि एका बाजूला ठेवावा, म्हणजे उरलेला प्रत्येक उंचवटा आपली सावली पाडून स्वतःची जागा सांगतो. जिथे डोळ्याला काही दिसत नाही, तिथे डोळे मिटून तळहात वरून खालपर्यंत फिरवावा. कागदाच्या जाडीएवढा फुगवटाही अंगठ्याच्या बुडाला लागतो. मानेवर जाड लाखेचा थर मी देत नाही, मुरवलेल्या तेलाचे पातळ हात देतो. घाम आलेल्या हाताला ते पृष्ठ चिकटत नाही.

धडाच्या लाकडाविषयी जेवढे बोलले जाते तेवढे त्याचे आवाजात योगदान असते, असे मला वाटत नाही. पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि तारेची गुंडाळी, पोलादी तारेची हालचाल चुंबकीय क्षेत्रातून टिपतो. लाकूड त्या हालचालीवर परिणाम करते ते अप्रत्यक्षपणे. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडील हॅरल्ड यांच्यासोबत १९६३ मध्ये घरी बनवायला घेतलेल्या ‘रेड स्पेशल’ या गिटारचे उदाहरण मला म्हणूनच प्रिय आहे. तिच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीतले महोगनी लागले, त्यातली किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजवली गेली, आणि स्वर हेलकावण्याच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा बसल्या. तिची मान नेहमीपेक्षा बरीच जाड आहे, पण ती त्यांच्या हाताची आहे, आणि तीच गिटार ते आयुष्यभर जगभरच्या मंचांवर वाजवत आले. वायरिंगबद्दल एवढेच सांगतो, की एका गुंडाळीच्या पिकअपला २५० किलोओहमचे आणि दोन गुंडाळ्यांच्या हंबकरला ५०० किलोओहमचे आवाजाचे नियंत्रक हा रूढ संकेत योग्य आहे, आणि आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी नीट लावून ती ब्रिजसह जमिनीच्या जोडणीला जोडली तर गुणगुण पुष्कळ कमी होते.

फ्रेट बसवल्यानंतरचे समतलीकरण मात्र घाईने उरकता येत नाही. रॉड फिरवून मान अगदी सरळ करायची, प्रत्येक फ्रेटचा माथा मार्करच्या शाईने काळा करायचा आणि बारीक पॉलिश पेपर चिकटवलेला सरळ धातूचा दांडा सगळ्यांवरून हलकेच फिरवायचा. जिथे शाई उरते तो फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा खोल आहे. सगळ्या माथ्यांवरची शाई गेली त्याच क्षणी थांबायचे, कारण त्यापुढचा प्रत्येक फेरा फ्रेटचे आयुष्य विनाकारण कमी करतो. आता माथे सपाट झालेले असतात. ते पुन्हा शाईने रंगवून अंतर्गोल कानसेने दोन्ही बाजूंनी असे गोल करायचे, की मधोमध केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहावी. तार टेकायची ती त्या रेघेवर. ती रेघ मध्यापासून ढळली तर आधी काटेकोर मोजून पाडलेल्या खाचांचा उपयोगच काय राहिला?

शेवटी नट. मी हाडाचा वापरतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर ती जेमतेम टेकत नाही, इतकी खाच खोल असावी. तारा चढवून मानेला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सुमारे ०.२ मिमीचा बाक दिला आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान आणली, की गिटार वाजवता येते. तरीही मी ती देताना दोन महिन्यांनी परत आणायला सांगतो. तोवर लाकडाने तारांचा ताण अंगवळणी पाडलेला असतो, बाक थोडा बदललेला असतो, आणि वाजवणाऱ्यालाही तार आणखी खाली हवी की वर, हे अंदाजाने नव्हे तर हाताने कळलेले असते. त्या भेटीत रॉड आणि टेकू पुन्हा जुळवल्यावरच मी वहीत त्या गिटारची अंतिम मापे लिहितो.