अ‍ॅडलेडमधली सहा वर्षांची स्पर्धा

गोल्फमधल्या चार प्रमुख स्पर्धांविषयी भरपूर लिहिले जाते. मला मात्र २००२ ते २००७ अशी जेमतेम सहा वर्षे चाललेल्या जेकब्स क्रीक ओपनविषयी लिहायचे आहे. बरोसा खोऱ्यातल्या वाइनचे नाव लावलेली ही स्पर्धा दक्षिण ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या मैदानांवर भरत असे; त्यांतले एक कुयोंगा क्लबचे. गॅरी प्लेअरने १९६५ची ऑस्ट्रेलियन ओपन दोन वेळा अवघ्या ६२ फटक्यांची फेरी खेळून (गोल्फमध्ये जितके कमी फटके तितके चांगले) जिंकली ती याच मैदानावर, आणि क्रिकेटमधून निवृत्त झालेले डॉन ब्रॅडमनही याच क्लबचे सदस्य होते.

या स्पर्धेचे खरे महत्त्व तिच्या दुहेरी मान्यतेत होते. ऑस्ट्रेलेशियाच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड परिसराच्या) टूरबरोबरच, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या वार्षिक मालिकेबरोबरच, ती अमेरिकेच्या पीजीए टूरखालच्या, त्या काळात बहुतांशी नेशनवाइड टूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुय्यम टूरचीही स्पर्धा होती. त्या टूरवर वर्षभराच्या कमाईच्या यादीत पहिल्या वीसेक जणांत आलेल्या खेळाडूला पुढच्या हंगामासाठी पीजीए टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळत असे. त्यामुळे एरवी पात्रता फेऱ्यांसाठी पदरचे पैसे खर्चून अमेरिका गाठावी लागणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणाला फेब्रुवारीतल्या एकाच आठवड्यात, घरच्या मैदानावर, त्या यादीत वर चढता येत होते. होतकरू खेळाडूसाठी याहून मोलाची सोय माझ्या पाहण्यात नाही.

२००५ साली २१ वर्षांच्या स्टीव्हन बाउडिचने ही स्पर्धा जिंकून ती संधी साधली आणि पुढच्याच वर्षी तो पीजीए टूरवर पोहोचला. तिथे नैराश्याने त्याला गाठले. त्या आजाराविषयी तो पुढे मोकळेपणाने बोलला, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. २०१४च्या टेक्सस ओपनमध्ये अखेरच्या दिवशी सॅन अँटोनियोच्या वाऱ्यात त्याची फेरी तब्बल ७६ची झाली, तरीही आधीच्या तीन दिवसांच्या आघाडीतला एक फटका शिल्लक राहिला आणि तेवढ्यावर त्याने पीजीए टूरवरचे पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी बायरन नेल्सन स्पर्धाही त्याने जिंकली.

जेकब्स क्रीकनंतर व्हिक्टोरियातल्या मूना क्लासिकने २००८ ते २०१० ही तीन वर्षे हीच वाट खुली ठेवली. माझ्या मते दुय्यम टूरच्या वेळापत्रकात ऑस्ट्रेलियातला एक आठवडा कायमचा राखून ठेवायला हवा होता.