कातडी आडवी कापून बघितली तेव्हा कळलं (टॅटू शिकताना डुकराच्या स्किनवरचा सराव, सहावा आठवडा)

तर मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं ना की टॅटू मशीनने ओढलेल्या लाइन आता बऱ्यापैकी सरळ येतायत आणि मी फार खूश आहे, ते सगळं मागे घेतेय. लाइन वरून सरळ होत्या, आत काय चाललं होतं ते या आठवड्यात बघितलं आणि दोन दिवस मशीनला हातच लावला नाही.

झालं असं की डुकराची कातडी आपल्याला काही सांगतच नाही, हा तिचा मोठा प्रॉब्लेम आहे. रक्त येत नाही, सूज नाही, लाल होत नाही, खपली धरत नाही, आणि महिन्याभराने शाई टिकली का उडाली हे तर कळणारच नाही कारण मेलेल्या कातडीची जखम भरून निघणारच नाहीये. त्यामुळे वरवर टोचलं तरी काळंभोर दिसतं आणि खोल भोसकलं तरी काळंभोरच दिसतं. मी पाच आठवडे त्या काळ्याभोरवर समाधानी होते. मग डोक्यात आलं की हिला दुखत नाही तर कापूनच बघू ना.

करायचं कसं ते सांगते, कारण पहिल्यांदा मी तशीच मऊ कातडी कापायला गेले आणि ब्लेडखाली सगळं दाबलं जाऊन चिखल झाला. तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, पूर्ण दगड नाही करायचा, अर्धवट कडक झाला की कोरं ब्लेड घेऊन लाइनला बरोबर काटकोनात, एकाच ओढीत कापायचं, करवतीसारखं मागेपुढे नाही. मग मोबाइलच्या मॅक्रोने किंवा भिंगाने बघायचं. वरती एक पातळ करडी रेघ दिसते, ती एपिडर्मिस, साधारण ०.१ मिमी, म्हणजे जवळजवळ नाहीच. तिच्या खाली पांढरट घट्ट थर, तो डर्मिस, आणि त्याखाली चरबी. शाई हवी ती डर्मिसच्या वरच्या भागात, वरून मोजलं तर साधारण १ ते २ मिमीच्या आत. फार वर राहिली तर जिवंत माणसात ती वरची त्वचा झडते तशी निघून जाते, फार खाली गेली तर पसरून निळसर छटा येते, ज्याला सगळे ब्लोआउट म्हणतात.

माझ्या त्या ‘सरळ’ लाइनला सहा ठिकाणी कापलं. दोन ठिकाणी शाई करड्या रेघेच्या जेमतेम खाली, एका ठिकाणी थेट चरबीला टेकलेली, आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी खोली ठीक पण शाई सरळ उतरलेलीच नाही, वरून आत जाताना उजवीकडे कलंडलेली, अगदी तिरकी रेघ ओढल्यासारखी. वरून बघितलं तर काहीसुद्धा दिसत नव्हतं. एकाच १० सेंटीमीटरच्या लाइनमध्ये हे सगळं, म्हणजे बघा.

आता कारणं. खोलीचं कारण माझा डावा हात निघाला, उजवा नाही. सुई आत जाते तेव्हा कातडी आधी दबते आणि मग फाटते, ढिली असेल तर जास्त दबते, म्हणजे सुई पुढे येते आणि कातडी तिच्याबरोबर खाली जाते, आत शिरतं ते थोडंसंच. मग तुम्हाला वाटतं शाई धरत नाहीये, तुम्ही हात दाबता, आणि पुढच्या सेंटीमीटरला कातडी योगायोगाने ताणलेली असते तर तोच दाब तुम्हाला चरबीपर्यंत नेतो. मी सुरुवातीला चार कोपऱ्यांना टाचण्या मारून बोर्डवर कातडी लावायचे आणि समजायचे की झालं ताणून. ते ताणणं नसतं, ते फक्त धरून ठेवणं असतं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फाकवून दोन बाजूंनी ताण द्यायचा, आणि तिसरा ताण उजव्या हाताच्या कडेने, म्हणजे करंगळीखालचा जो भाग कातडीवर टेकलेला असतो त्याने. तीन दिशांनी ताण आला की जिथे सुई आहे तेवढा तुकडा डफासारखा होतो. आणि लाइन जसजशी पुढे जाईल तसा डावा हातही पुढे न्यायचा, मी तो एका जागी ठेवून पूर्ण लाइन ओढायचे, म्हणून सुरुवात बरी आणि शेवट ढिला.

तिरकेपणाचं कारण मनगट. मशीन पुढेमागे थोडं कललेलं चालतं, उलट त्यामुळे टोक दिसतं, पण डावीउजवीकडे कललं की शाई एका बाजूला कातडीखाली सरकते. आणि माझं मनगट लाइनच्या शेवटी शेवटी आपोआप बाहेर वळतं, कारण मी खांद्यातून हात न हलवता बोटांनी लिहिल्यासारखं ओढते. पेन टाइप मशीन असल्यामुळे ही सवय जास्त लागते असं माझं मत आहे, हातात पेन दिसलं की हात अक्षर काढायलाच बघतो.

(तसं बघायला गेलं तर हे मुळात पेनच. एडिसनचं १८७६ चं इलेक्ट्रिक पेन होतं, मोटरवर सुई वरखाली करून कागदाला भोकं पाडायची आणि त्या भोकांतून शाई फिरवून कॉप्या काढायच्या, त्यावरूनच पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायलीने ८ डिसेंबर १८९१ ला टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. कॉइलवाली, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारी, खडखडणारी मशीन त्यानंतर आली. म्हणजे रोटरी, म्हणजे मोटरवर चालणारी मशीन वापरणाऱ्यांना ‘हे नवीन फॅड’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून.)

सेटिंगबद्दल मागे तिघाचौघांनी विचारलं होतं. माझं रोटरी पेन, स्ट्रोक (सुई वरखाली जाते ते अंतर) ३.५ मिमी, लाइनसाठी १२०३ आरएल आणि १२०७ आरएल. नवीन लोकांसाठी, १२ म्हणजे सुईची जाडी ०.३५ मिमी, १० असेल तर ०.३०, पुढचे दोन आकडे म्हणजे किती सुया, आणि आरएल म्हणजे राउंड लाइनर, घट्ट गोल बांधलेल्या. आणि या सुया पोकळ नसतात हं, इंजेक्शनसारखी शाई आत सोडत नाहीत, सुयांच्या मधल्या फटीत शाई धरून राहते आणि टोचलेल्या भोकात उतरते. त्यामुळे टोक कोरडं पडलं की तुम्ही नुसती कातडी किसताय, बाकी काही नाही. मी सुरुवातीला एका बुडवणीत किती लांब जाता येतं याची शर्यत लावायचे, कशाला ते देवाला ठाऊक.

व्होल्टेज मी आता ७.५ ला ठेवून दिलंय आणि त्याला हातच लावत नाही. आधी लाइन तुटक आली की व्होल्टेज वाढव, कातडी कुस्करली की कमी कर असा खेळ चालायचा आणि शेवटी काय बदलल्यामुळे काय झालं हेच कळायचं नाही. (तुमच्या मशीनला माझा आकडा लागू पडेलच असं नाही, प्रत्येक मोटर वेगळी.) त्यापेक्षा हा हिशेब करा. समजा मशीन सेकंदाला १०० वेळा टोचतंय. १० सेंटीमीटरची लाइन १० सेकंदात ओढली तर दोन टोच्यांमध्ये ०.१ मिमी अंतर, छान भरीव लाइन. तीच २ सेकंदात ओढली तर ०.५ मिमी, म्हणजे सुईच्या जाडीपेक्षा जास्त, मग लाइन नाही तर ठिपके येतात. आणि एकाच जागी रेंगाळलात तर तेवढ्या जागेची चाळण. मी मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक ठेक्यात टिकटिक करणारं अॅप) लावून पट्टीने आखलेल्या रेघांवर सराव केला, घरच्यांना वेड लागायची पाळी आली पण हाताचा स्पीड एकसारखा झाला तो त्यानेच.

कातडीच्या तयारीबद्दल थोडक्यात. भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुवायची, रेझरने केस काढायचे, कोरडी करून अल्कोहोलने पुसायची. तेलकटपणा राहिला तर स्टेन्सिल (कागदावरून कातडीवर उठवायचं डिझाइन) उठतच नाही, जांभळा डाग नुसता घसरत राहतो. स्टेन्सिल जेल अगदी पातळ, चिकट होईपर्यंत चोळायचं, कागद दाबायचा, काढल्यावर १०-१५ मिनिटं हात लावायचा नाही. हे मी पाळत नव्हते, निम्मं डिझाइन पहिल्याच पुसण्यात टिश्यूवर. पुसायचं पण टिपून, घासून नाही, आणि काम खालून वर करत जायचं म्हणजे न झालेल्या भागावर हात फिरत नाही. व्हॅसलिन अगदी नखभर. फ्रीझरमधून काढलेली कातडी पाणी सोडते, तिला टिश्यूमध्ये गुंडाळून फ्रिजमध्येच वितळू द्या. जिथे केसांची मुळं मोठी आहेत तिथे शाई भोकात जाऊन बसते आणि काळे ठिपके येतात, ती तुमची चूक नाही, जागा बदला.

सिलिकॉनच्या शीटवर करा असं बरेच जण म्हणतात, वास नाही, घाण नाही, मान्य. मी पण डुकराच्या कातडीआधी दोन आठवडे तेच केलं. पण तिथे ताण द्यायची गरजच पडत नाही, टेबलावर ठेवली की झालं, म्हणजे माझी जी खरी चूक होती ती तिथे कधीच पकडली गेली नसती.

शेडिंग अजून लिहिण्यासारखं नाही. मॅग्नमने (ओळीत बसवलेल्या सुयांचा रुंद गट) लंबकासारखा हात हलवून ग्रे वॉश, म्हणजे पातळ केलेली काळी शाई, मारून बघितलं, पहिला हात बरा, दुसऱ्या हाताला पट्टे, तिसऱ्याला वरची कातडी ओल्या पापडासारखी सोलून निघाली. पुढे बघू.

आणि हो, कच्चं मांस आहे ते, त्यामुळे ग्लोव्हज, टेबलाला प्लॅस्टिक, मशीनला आणि वायरला कव्हर, सुई वापरली की थेट शार्प्सच्या, म्हणजे टोकदार कचऱ्याच्या डब्यात. माझ्या चुलत बहिणीने फोटो बघून ‘ताई, मला मनगटावर एक छोटासा स्टार काढ ना’ म्हणून तीन वेळा मेसेज केला. तिला मी त्या तिरक्या छेदाचा फोटो पाठवला, तेव्हापासून गप्प आहे.

काल परत बारा ठिकाणी कापलं, नवीन तुकडा, डावा हात सरकवत, खांद्यातून ओढत, मेट्रोनोमसकट. नऊ ठिकाणी शाई सरळ आणि १ ते १.५ मिमीच्या मध्ये. तीन बिघडलेल्या आणि तिन्ही तिथेच जिथे लाइन वळायला लागते. म्हणून पुढचा आठवडाभर फक्त गोल काढणार आहे, आधी मोठ्या वाटीचा, मग नाण्याचा. फ्रीझरमध्ये चार तुकडे आहेत, आईला सांगितलंय की वरच्या कप्प्यातल्या डब्याचं झाकण उघडायचं नाही.