कडीतली काडी

जुलैची दुपार, पीकविम्याची गर्दी. समोर एक बुढे काका पन्नीतून सातबारा काढून टेबलावर सरळ करत होते आणि नेमकं तेव्हाच माझ्या संगणकानं तोंड फिरवलं. पडद्यावर निळं तळं, बर्फाचा डोंगर, भलंमोठं घड्याळ.

"कुठचं हो हे?" काका खूश.

मला काय माहीत! मी पासवर्ड टाकला. चुकीचा. पहिली कळ तो डोंगर वर सारण्यातच खर्ची पडते. म्हणून देवळातली घंटा वाजवावी तशी एक कळ आधी फुकट दाबायची, ही माझी एरवीची सवय. घाईत राहून गेली. विंडोज ८ आलं २०१२ साली, तेव्हापासून कुलपाच्या आधी ही ओसरी आली. टॅबलेटवर बोटानं सारायला ठीक आहे. टेबलावरच्या डब्याला कशाला पाहिजे?

पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. 

"तुमचाच हाय न हा? मंग तुमालेच काऊन वयखत नाई?"

आमची आजी वावरात जाताना कवाडाला नुसती कडी घालायची आणि तीत पऱ्हाटीची काडी खोचायची. कुलूप घरात होतं, पण ते यात्रेला जातानाच निघायचं. काडी दिसली की घरी कोणी नाही, एवढं गावाला कळायचं. कोणीही काढू शकत होतं, काढत कोणी नव्हतं. मी सोडून. शिंक्यावरचा गूळ खायचा, बाहेर यायचं, काडी होती तशी खोचायची. तरी संध्याकाळी आजी डोक्यावरचा भारा उतरवायच्या आधी विचारायची, "गूळ उरला का बाप्पा?" काडीचं जाड टोक ती नेहमी खाली ठेवायची, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

तर पासवर्ड. अर्जात नाव लिहिताना कीबोर्ड मराठीवर केला होता, तो तसाच राहिला असावा. इनस्क्रिप्ट या मराठीच्या कळमांडणीत के दाबला की क उमटतो, पण पासवर्डच्या चौकटीत ठिपका दोघांचाही सारखाच. खात्री करायला म्हणून मी तिसऱ्यांदा टाकला आणि टाकलेलं दाखवणारं ते डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं. 

काकांनी मान फिरवली. बाहेर पावसाकडे पाहत बसले.

"झालं का?" तिकडेच तोंड ठेवून त्यांनी विचारलं.