वायफायचं नाव बदललं आणि माझी गुरुवारची रात्र गेली

दाजींचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. खाली दोन लेथ आणि एक सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन), वर ऑफिस. सीएनसीच्या प्रोग्रॅमच्या फायली पेनड्राइव्हवरून नेता-आणताना सारख्या हरवायच्या, म्हणून माझा जुना लॅपटॉप खाली ठेवायचं ठरवलं. रॅम दोन जीबी. आयकॉन-खिडक्यांचा डेस्कटॉप टाकला असता तर तो जागीच बसला असता, म्हणून नुसत्या काळ्या स्क्रीनचं, कमांड टाइप करून चालवायचं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार). राऊटर वर होता. केबल खाली आणायला स्लॅबला भोक पाडायचं म्हटल्यावर दाजींनी नुसतं बघितलं माझ्याकडं. राहिलं वायफाय.

सोमवारी सुट्टी होती, तेव्हा बसलो. आळसानं घरात पडलेला डेबियन ११ चा पेनड्राइव्ह लावला, आणि तिथंच माती खाल्ली. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून वायफाय कार्डांचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरसोबतच येतं, ११ मध्ये ते आपण घालायचं. नेटवर्कची यादी दाखवणारी 'आयपी लिंक' कमांड दिली तर वायफायचा पत्ताच नाही. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, कारण लिहिलेलं होतं: इंटेलच्या कार्डाचं फर्मवेअर सापडत नाही. ते उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ते पाहिजे! शेवटी मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री' विभाग जोडला, फर्मवेअर आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन वायफायला जोडणारा प्रोग्रॅम) ओढून घेतलं आणि मशीन रीस्टार्ट केलं.

कार्ड दिसलं, पण उठेना. वायफाय कशानं अडलंय ते सांगणारी 'आरएफकिल लिस्ट' कमांड म्हणाली, हार्ड ब्लॉक. म्हणजे कमांडनं होणारं काम नाही. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं छोटं बटण होतं, ते सरकवलं. झालं.

मग 'डब्ल्यूपीए पासफ्रेज' या कमांडला वायफायचं नाव आणि पासवर्ड दिला. त्यानं ६४ अक्षरांची किल्ली काढून दिली, ती सप्लिकंटच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायलीत ठेवली. वर कॉमेंटच्या ओळीत तो साधा पासवर्डही जशाच्या तसा लिहून ठेवतो, ती ओळ पुसली. नेटवर्कच्या सेटिंगच्या 'इंटरफेसेस' फायलीत चार ओळी घातल्या, आयपी मिळाला. दाजींनी चहा पाजला.

गुरुवारी संध्याकाळी दाजींचा फोन. "तुझा डबा बंद पडलाय रं."

गेलो. लॅपटॉप चालू होता, नेटवर्क नव्हतं. स्कॅन केलं तर आमचं वायफाय यादीतच नाही, त्या जागी 'तांबडापांढरा' नावाचं कुणीतरी. वर भाची अभ्यास करत होती.

"नाव मी बदललो की मामा, परवाच. पासवर्ड तोच हाय."

पासवर्ड तोच, म्हणजे दोन मिनिटांचं काम. फायलीत फक्त नावाची ओळ बदलली आणि सप्लिकंट चालवलं. जोडलं जातंय, तुटतंय, पुन्हा जोडलं जातंय. फोर-वे हँडशेक (लॅपटॉप आणि राऊटरनं एकमेकांची किल्ली पडताळणं) फसला, किल्ली चुकीची असू शकते, असा संदेश. मी पासवर्ड भाचीकडून तीनदा बोलून घेतला. पत्र्याच्या शेडला दोष दिला, लॅपटॉप जिन्यात नेऊन बघितला. दाजी शटर ओढायच्या तयारीत. "अजून काय करालायस रं?"

नऊ वाजून गेल्यावर, दुसरं काही सुचेना म्हणून, नव्या नावानं परत किल्ली काढली. पासवर्ड तोच, पण ६४ अक्षरं पार वेगळी.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. ती किल्ली एकट्या पासवर्डची नसते. पासवर्डात वायफायचं नाव मिसळून ४०९६ वेळा घुसळून ती निघते. त्या नावाला संगणकवाले 'सॉल्ट' म्हणतात, मीठच. एका नावासाठी चोरानं आधीच तयार करून ठेवलेला किल्ल्यांचा साठा दुसऱ्या नावाला लागू पडू नये, म्हणून ही मिसळ. माझ्या फायलीत नाव नवं होतं आणि किल्ली जुन्या नावाची. सप्लिकंट बिचारं खरंच बोलत होतं, मीच पासवर्डावर संशय घेत बसलो होतो.

आता फायलीत किल्ली ठेवलेली नाही, साधा पासवर्डच अवतरणचिन्हांत ठेवलाय. मग किल्ली सप्लिकंट स्वतः काढतं, नाव बदललं तर तेवढी एक ओळ बदलायची. पासवर्ड उघडा दिसतो हे खरं, म्हणून फाईल रूटशिवाय, म्हणजे मुख्य युजरशिवाय, कुणाला वाचता येऊ नये अशी परवानगी ६०० लावली. तसंही ती ६४ अक्षरं ज्याच्या हाती लागतील तो त्यांच्यावरच जोडू शकतो, त्यामुळं लपवून फार काही साधत नव्हतंच.

नाव अजून 'तांबडापांढरा'च आहे. दाजींना आवडलंय.